पडदा बदलला म्हणजे संगणक मेला नव्हे!



"कॉम्प्युटर बंद हाय, उद्या या." हे वाक्य आपल्या गावात किती वेळा कानावर पडतं, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. कोणाला रहिवासी दाखला हवा असतो, कोणाला घराचा नमुना ८ चा उतारा, कोणाच्या पीकविम्याची मुदत संपत आलेली असते. माणूस रोजगार बुडवून येतो आणि दारातूनच परत फिरतो. उद्या आला, की "परवा बघू". बरं, बंद म्हणजे नेमकं झालंय काय, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "चालू करताना काहीतरी निराळंच येतंय."

हे 'निराळंच' म्हणजे काय, त्याचा आज विचार करू. रोजचा पडदा जाऊन दुसरा पडदा दिसला, की आपल्याकडे दोनच उपाय ठाऊक. एक, बटन दाबून बंद-चालू करत राहायचं. दुसरा, पेटी उचलून तालुक्याला नेऊन टाकायची. पडद्यावर लिहिलंय काय, ते वाचायचं मात्र कोणाच्या मनात येत नाही.

विहिरीवरची मोटार बंद पडली तर तुम्ही काय करता? आधी तिन्ही फेज आहेत का बघता. मग स्टार्टर ट्रिप झालाय का, फ्यूज उडालाय का बघता. मोटार बाहेर काढायची पाळी सगळ्यात शेवटी. एवढी अक्कल आपल्याला आहे. मग ती संगणकापुढेच कुठे जाते? अक्षरं इंग्रजी असतात, हे खरं. पण ती चार-पाचच वाक्यं असतात आणि पुन्हा पुन्हा तीच येतात.

सेल संपला, तारीख गेली

जुन्या यंत्रात सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं एका सेलाचं असतं. पेटीच्या आत मुख्य बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. त्याच्यावर 'सीआर २०३२' असं लिहिलेलं असतं आणि तो ३ व्होल्टचा असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. जुन्या यंत्रांत बोर्डाच्या सेटिंगही त्याच्याच जोरावर टिकतात. पेटीला मेन वीज असते तोवर त्याच्यावर भार जवळजवळ पडत नाही. पण आपल्या कार्यालयात संध्याकाळी मेन स्विच बंद, दिवसा भारनियमन, सुट्टीत आठ-आठ दिवस कुलूप. तेवढा वेळ सगळा भार त्या सेलावर. मग तो काही वर्षांत संपतो. विजा कडाडताना मेन बंद ठेवणं बरोबरच आहे. मुद्दा इतकाच, की सेल हा डिझेलसारखा संपणारा माल आहे, तो बदलावाच लागतो.

सेल संपला की चालू करताना काळा पडदा येतो. 'सीमॉस चेकसम एरर' किंवा 'सीमॉस बॅटरी लो' असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि खाली सूचना असते: पुढे जायला एफ-१ दाबा. कधी नेहमीचं कंपनीचं चित्र जाऊन पांढरी अक्षरं धावू लागतात, तर कधी याच्या उलट होतं. घाबरायचं कारण नाही. बोर्ड आपल्या कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर गेला, एवढाच त्याचा अर्थ.

एफ-१ दाबून पुढे गेलं की यंत्र चालू होतं. खरी गडबड पुढे आहे. तारीख कुठल्या तरी जुन्या सालात गेलेली असते. सरकारी संकेतस्थळाला ओळखपत्रासारखं एक प्रमाणपत्र असतं आणि ते अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच चालतं. तुमचं यंत्र समजतं २००९ साल चालू आहे. मग आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं आणि ते संकेतस्थळ उघडायला नकार देतं. इकडे आपण म्हणतो "सर्व्हर डाऊन आहे". रोग म्हशीला, औषध पखालीला! शिवाय कार्यालयात टाइप केलेल्या पत्रावर आपोआप पडणारी तारीखही चुकते. चुकीच्या तारखेचा दाखला घेऊन शेतकरी बँकेत गेला, तर हेलपाटा कोणाला? त्यालाच.

हा सेल 100 रुपयांच्या आत मिळतो. बदलताना यंत्र बंद करा, वायर भिंतीतून उपसा. पेटीच्या धातूला एकदा हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. जुना सेल कसा बसलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि अधिकची खूण वर ठेवून नवा बसवा. चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून सेटअप उघडतो. कुठलं बटन, ते यंत्राप्रमाणे बदलतं, पहिल्या पडद्यावर लिहिलेलं असतं. तिथे तारीख-वेळ घाला आणि जतन करून बाहेर पडा. काढलेला सेल टेबलावर टाकू नका. लहान पोरानं गिळला तर जिवावर बेततं.

वरचेवर दिसणारे आणखी पडदे

'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा मजकूर आला, तर आधी पेन ड्राइव्ह लावलेला राहिलाय का ते बघा. यंत्र त्यातूनच चालू व्हायला बघतं आणि अडतं. तो काढा, पुन्हा चालू करा.

वीज अचानक गेली होती का? मग विंडोज ७ विचारतं, दुरुस्ती करू की नेहमीसारखं चालू करू. एकदा नेहमीसारखं चालू करून बघा. काळ्या किंवा निळ्या पडद्यावर डिस्क तपासणीचे टक्के सरकत असतील तर मध्येच बटन दाबू नका. वेळ लागतो, लागू द्या. पेरणी अर्ध्यावर सोडून कोणी घरी जातं का?

चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' लिहिलंय, चित्रं मोठाली दिसतायत, तर यंत्र जपून चालतंय. एकदा नीट बंद करून चालू करा. पुन्हा तसंच आलं तर जाणकाराला दाखवा.

सेल संपल्यानंतर निळा पडदा येऊन यंत्र पुन्हा पुन्हा चालू-बंद होत असेल, तर सेटअपमध्ये हार्ड डिस्कची पद्धत बदललेली असू शकते. पूर्वी 'एएचसीआय' असेल आणि आता 'आयडीई' झाली असेल, किंवा उलट, तर होती ती परत लावावी लागते. एवढं न बघता "विंडोज नव्यानं टाकावं लागेल" असं कोणी म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. नव्यानं टाकताना जुनी दप्तरं पुसली जाऊ शकतात.

इथे मात्र थांबा

दोन पडदे खरोखर धोक्याचे. पहिला, 'स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस'. यात हार्ड डिस्कच सांगते, की माझा भरवसा धरू नका. इथेही एफ-१ दाबून पुढे जाता येतं आणि तिथेच माणूस फसतो. महिनाभर रोज एफ-१ दाबून काम चालतं आणि एक दिवस सगळं दप्तर जातं. हा मजकूर दिसला त्याच दिवशी सगळी माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

दुसरा, पडदाभर लाल इशारा, भोंगा आणि "या नंबरवर फोन करा". कुठलीही खरी कंपनी असा नंबर देऊन बोलावत नाही. फोन करू नका, पैसे भरू नका, इंटरनेटची वायर काढा. फसवणूक झालीच तर सायबर तक्रारीचा क्रमांक 1930 आहे. उशीर करू नका.

आता थोडं कारभाऱ्यांना

कोणी म्हणेल, हे संगणक परिचालकाचं काम, आम्हाला काय त्याचं? परिचालक गरीब माणूस, एकट्याच्या खांद्यावर सगळं गाव. तो रजेवर गेला की कार्यालय आंधळं. यंत्र गावाच्या पैशाचं आहे, तेव्हा त्याची राखणही गावानंच करायची. त्याला फार खर्च नाही.

एक वही ठेवा. चालू करताना नवा मजकूर दिसला, की तारीख घालून तो जसाच्या तसा उतरवा, मोबाइलवर फोटो काढा. दुरुस्ती करणारा फोटोवरूनच निम्मं ओळखतो आणि अर्ध्या वेळा पेटी हलवायचीही गरज पडत नाही. टेबलाच्या खणात दोन नवे सेल ठेवा. दर आठवड्याला दप्तराची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या कपाटात ठेवा.

यंत्र दुरुस्तीला पाठवायचंच असेल तर डिजिटल सहीचं टोकन काढलंय ना, ते सरपंच आणि ग्रामसेवक दोघांनी डोळ्यांनी बघा. वित्त आयोगाचा पैसा त्याच सह्यांवर निघतो. टोकन पेटीला लावून आणि पासवर्ड कागदावर चिकटवून पाठवणं म्हणजे तिजोरी किल्लीसकट पाठवणं. बिलावर 'कॉम्प्युटर दुरुस्ती' एवढंच चालवून घेऊ नका. काय बिघडलं होतं, काय बदललं, ते लिहून घ्या आणि जुना भाग परत मागा. बैलाला नाल मारला तरी आपण खूर उचलून बघतो.

"जुनं खटारं ठेवायचंच कशाला, नवं घ्या," असंही काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. विंडोज ७ ला सुरक्षेचा आधार 14 जानेवारी 2020 ला संपला, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 ला. ज्या यंत्राला आधार उरला नाही, त्यावर गावाच्या पैशाचे व्यवहार करणं धोक्याचंच. तेव्हा नवं जरूर घ्या, पण हिशेबानं आणि ग्रामसभेत सांगून घ्या. 100 रुपयांचा सेल संपला म्हणून घाबरून नव्हे. नाहीतर नव्या यंत्राचा सेलही काही वर्षांनी संपेल आणि आपण पुन्हा "बंद हाय" म्हणत बसू.

आणि शेतकरी बंधूंनो, तुम्हीही एक करा. "उद्या या" ऐकून मुकाट्यानं पायरी उतरू नका. नम्रपणे विचारा, "भाऊसाहेब, पडद्यावर लिहिलंय काय?" रागानं नको, भांडण नको, फक्त एवढंच विचारा. दहा जणांनी विचारलं की अकराव्या दिवशी कोणीतरी ते वाचेल. आणि वाचलं, की उद्याचं काम बऱ्याचदा आजच होईल.