हुंडा, कोंबडी आणि गहिवर

रडणारी माणसं विकत आणून दिवाणखान्यात टांगायची, ही हौस काही साधी नव्हे. अठराव्या शतकातल्या पॅरिसला ती जडली होती. तिथला गहिवराचा घाऊक व्यापारी म्हणजे जाँ-बातिस्त ग्रोझ.

त्याचं १७६१ चं गाजलेलं चित्र घ्या. जाँ-जाक फ्लिपारनं ते तांब्यावर कोरलं, १७७० मध्ये छापे निघाले आणि ज्यांना मूळ चित्र परवडत नव्हतं त्यांच्याही भिंतीवर सद्गुण चढला. एका खोलीत बारा माणसं. म्हातारा बाप हात पसरून प्रवचन देतोय, आईच्या हातून लेकीचा हात सुटत नाही, धाकटी बहीण तिच्या खांद्यावर मुसमुसतेय. थोरली मागे उभी राहून जळफळतेय. अख्ख्या खोलीत खरं माणूस तेवढं एकच! आणि एवढा उमाळा कशाचा? जावयाच्या हातात नुकतीच थैली पडली आहे. मी कुजकटपणानं म्हणत नाही, चित्राच्या मूळ नावातच आहे: बाप जावयाला हुंडा देतो तो क्षण. बाजूला नोटरी करार घेऊन हजर. आपल्याकडे याद्या करायला बसलेली मंडळी निदान घासाघीस उघड करतात, डोळ्याला उपरणं लावून नाही.

खाली जमिनीवर कोंबडी आणि तिची पिल्लं. एक पिल्लू भांड्याच्या काठावर चढून बसलंय. म्हणजे मातृत्वाचा मुद्दा चुकून सुटला असेल, तर तो पोल्ट्रीतून समजावून घ्या. (फ्लिपारच्या कोरणीला मात्र दंडवत. कापडाची चुणी आणि म्हाताऱ्याची सुरकुती तो नुसत्या रेघांच्या जाळीतून वेगवेगळी दाखवतो. चांगल्या हाताला कसलं काम लावलं पाहा!)

आता गिऱ्हाइकं बघू. हे चित्र घेतलं मारिन्यीच्या मार्कीनं. हा स्वतः तेव्हा सडाफटिंग, आणि राजाच्या रखेलीचा, पोंपादूरबाईंचा, सख्खा भाऊ. शाही इमारतींचं खातं त्याला त्या नात्यातूनच मिळालेलं. लकवा झालेल्या म्हाताऱ्याची घरादारानं चालवलेली सेवा दाखवणारं १७६३ चं चित्र गेलं रशियाच्या कॅथरीनकडे. या साध्वीनं १७६२ मध्ये नवऱ्याला गादीवरून खाली ओढलं होतं आणि तो काही दिवसांतच कैदेत मेला. कुटुंबवत्सल स्त्री! कौतुकाचे ढोल बडवले दिदरोनं. चित्रकलेनं नीती शिकवावी असं सांगणाऱ्या या तत्त्ववेत्त्याची घरी लग्नाची बायको होती, आणि प्रेमपत्रं जात सोफी व्होलांला. हे सगळे आपल्याला संसार शिकवणार?

राहता राहिला खुद्द ग्रोझ. त्याची बायको पुस्तकविक्रेत्याची लेक, छाप्यांचा हिशेब तिच्याकडे. पुढं ग्रोझनं तिच्याविरुद्ध सविस्तर लेखी कैफियत मांडली: बाई छाप्यांचे पैसे लाटते, घरात यार आणते, आणि एका रात्री जाग आली तर ती शयनगृहातलं लघवीचं भांडं माझ्या डोक्यात घालण्याच्या बेतात उभी होती. हा प्रसंग फ्लिपारला कोरायला का दिला नाही, देव जाणे. मी तरी तो पहिला छापा रोख मोजून घेतला असता.

क्रांतीनं १७९२ मध्ये घटस्फोटाला कायद्यानं वाट करून दिली. पुढच्याच वर्षी ग्रोझनं काडीमोड घेतला.