नक्कल नव्हे, भाषांतर

लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवणाऱ्या ‘वाइन’ला नक्कल म्हणून हिणवणाऱ्यांनी निदान तिचे नाव तरी वाचावे : ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’. खेळाने विंडोजकडे केलेली मागणी ती लिनक्सला कळेल अशा बोलीत सांगते; हे भाषांतरच, आणि भाषांतराला दुय्यम लेखण्याची सवय आपल्या साहित्यविभागांनाही आहेच. १९९३ पासूनच्या या कामावर व्हॉल्व्हने २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ उभारले. आता अडते ते भाषेपाशी नव्हे, मालकाच्या मर्जीपाशी. एपिकची ‘ईझी अँटी-चीट’ ही लबाडी पकडणारी प्रणाली २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकते; एपिकचाच ‘फोर्टनाइट’ मात्र लिनक्सला दाराबाहेर ठेवतो. लिनक्सवर लबाडी रोखणे कठीण, ही सबब मान्य करू. मग तोच पहारेकरी इतरांच्या दारी कोणत्या भरवशावर धाडला?