मुरलेल्या गड्याचें मोल

आपल्या मुळशी तालुक्यांत कबड्डीचें वेड नवें नाहीं. जत्रेच्या दिवसांत देवळापुढील पटांगणांत चुन्याच्या रेघा ओढल्या जातात, आणि रात्रीं उशिरापर्यंत सामने रंगतात. आपल्या शाळेंतील कित्येक विद्यार्थ्यांनीं या खेळाचे पहिले धडे अशा पटांगणांतच गिरविले आहेत. तालुक्याच्या पूर्वेस म्हाळुंगे-बालेवाडी येथें १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं उभारलेलें श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुल आहे. पुणेरी पलटणचे सामने तेथें पाहून परतणाऱ्या मंडळींत एक वाद हटकून निघतो. फझल अत्राचलीसारखा कसलेला गडी पलटणनें सोडला, तें योग्य झालें कीं अयोग्य? या वादांत केवळ एका संघाचें हिताहित गुंतलेलें नसून अनुभवाची किंमत कशी करावी हा मोठा प्रश्न दडलेला आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करूं.

१९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं हा खेळ परदेशीयांना दाखविला, त्या काळीं कबड्डी हा कोणाच्या पोटाचा धंदा नव्हता. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाडूंवर लिलावांत बोली लागूं लागली. परंतु ही बोली अमर्याद नाहीं. प्रत्येक संघास खेळाडूंच्या वेतनासाठीं ठराविक रकमेचीच थैली मिळते. २०२२ सालच्या नवव्या हंगामांत ही मर्यादा ४ कोटि ४० लाख रुपये होती. २०२३ च्या लिलावासाठीं ती ५ कोटि करण्यांत आली. तेवढ्यांत किमान १८ खेळाडू बसवावयाचे असतात. हा नियम आम्हांस सर्वथा न्याय्य वाटतो. तो नसता तर एखाद्या धनिक मालकानें सारेच वाघ आपल्या कळपांत ओढले असते, आणि सामन्याचा निकाल मैदानापूर्वीं तिजोरीतच लागला असता. मात्र या नियमामुळें एकास दिलेला रुपया दुसऱ्याच्या ताटांतून काढावा लागतो, हेंहि खरें आहे.

२०२२ च्या लिलावांत पलटणनें इराणच्या फझलला १ कोटि ३८ लाखांस आणि त्याचाच देशबांधव महंमद नबीबक्ष यास ८७ लाखांस घेतलें. दोघांचे मिळून २ कोटि २५ लाख झाले. म्हणजे अर्ध्याहून अधिक थैली दोघांवरच रिकामी झाली. फझल तेव्हां तीस वर्षांचा होता. कर्णधार या नात्यानें त्यानें संघास अंतिम सामन्यापर्यंत नेलें. परंतु १७ डिसेंबर २०२२ रोजीं मुंबईंत जयपूरनें पलटणचा ३३–२९ असा पराभव केला.

पुढील वर्षीं पलटणनें फझलला मोकळें केलें. गुजरातनें त्यास १ कोटि ६० लाखांस घेतलें. इकडे पलटणनें २ कोटि ३५ लाख रुपये मोजून तेवीस वर्षांचा महंमदरेझा शादलू घेतला, आणि नेतृत्व नगर जिल्ह्यांतील अस्लम इनामदार या तरुणाकडे सोंपविलें. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें हरियाणाचा २८–२५ असा पाडाव करून पलटणनें पहिलें अजिंक्यपद मिळविलें. येथवर पाहिलें तर हिशेब करणाराची बाजू बिनतोड दिसते. उतरत्या वयाच्या गड्याऐवजीं चढत्या वयाच्या गड्यावर पैसा लावला आणि यश पदरांत पडलें!

परंतु कथा येथें संपत नाहीं. २०२४ च्या लिलावांत फझलची किंमत एकदम ५० लाखांवर उतरली व तो बंगालच्या संघांत गेला. वर्षभरांत त्याच्या मनगटांतील बळ तिसऱ्या हिश्श्यावर आलें होतें काय? त्यानंतर दिल्लीनें त्यास घेतलें. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं दिल्लींत अंतिम सामना झाला तो दिल्ली आणि पलटण यांच्यांतच. दिल्लीनें तो ३१–२८ असा जिंकला, आणि ज्यास आपण जड समजून सोडलें तोच गडी पलीकडच्या विजयी संघांत होता. तीन गुणांच्या या पराभवानें पलटणचा पूर्वीचा निर्णय चुकीचा ठरतो असें आम्हीं म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, लिलावांतील किंमत आणि खेळाडूचें मोल या दोन भिन्न वस्तु आहेत. या लीगच्या इतिहासांत पकडींचे सर्वाधिक गुण ज्याच्या नांवावर आहेत, त्याच्या शेजारीं उभें राहून कोपरा राखावयास शिकणाऱ्या पोराचा लाभ कोणत्या खतावणींत नोंदवावा?

यावर उपाय काय, याचा एक नमुना क्रिकेटमध्यें सांपडतो, आणि त्यांतहि एक पुणेकर आहे. २०२५ च्या आयपीएल हंगामासाठीं चेन्नईच्या संघानें आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडला १८ कोटि रुपयांस राखलें. महेंद्रसिंग धोनीस मात्र केवळ ४ कोटि मिळाले. २०२२ सालीं त्याचेच १२ कोटि होते. हें साधलें तें एका जुन्या नियमाच्या पुनरुज्जीवनामुळें. पांच वर्षांत आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू देशाकडून कधींच न खेळलेल्या नवख्यांच्या वर्गांत धरावा, असा तो नियम आहे. धोनीचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना २०१९ सालचा. पुढें हंगामाच्या मध्यास ऋतुराजच्या कोपरास दुखापत झाली, आणि १८ कोटींच्या कर्णधाराची धुरा ४ कोटींच्या ‘नवख्या’सच वाहावी लागली. संघ अखेर तळाशीं राहिला ही गोष्ट खरी. पण अडचणीच्या वेळीं हांक कोणास मारली गेली, हें विसरूं नये. धोनीनें कमी वेतन पत्करलें हें त्यास शोभलें. नियमाबद्दल मात्र आमचें मन साशंक आहे. देशास दोन विश्वचषक मिळवून देणाऱ्या कर्णधारास कागदोपत्रीं नवखा म्हणावें लागतें, तेव्हां तो नियम अडचण सोडवितो खरा, पण खोटें बोलून!

याहून सरळ वाट उत्तर अमेरिकेंतील बर्फावरील हॉकीच्या लीगनें काढली आहे. तेथेंहि २००५ पासून वेतनावर कडक मर्यादा आहे. पस्तिशीच्या पुढील खेळाडूशीं एक वर्षाचा करार करतांना मूळ वेतन कमी ठेवावें, आणि बाकीची रक्कम त्यानें खेळलेल्या सामन्यांवर वा केलेल्या कामगिरीवर अवलंबून ठेवावी, अशी मुभा तेथें दिलेली आहे. या बक्षिसामुळें मर्यादा ओलांडली गेली तर जादा रक्कम पुढील वर्षाच्या थैलींतून वजा होते. येथें वृद्धास कोणी तरुण म्हणत नाहीं, भीक घालीत नाहीं, कीं दारहि लावीत नाहीं. “तुझें वय आम्हांस ठाऊक आहे; अंगांत जोर असेल तर दाखीव, त्याचें मोल मिळेल,” इतकेंच तो करार म्हणतो.

असाच नियम कबड्डींत यावा असें आमचें स्पष्ट मत आहे. यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. लिलावांतील शेवटच्या श्रेणीची मूळ किंमत ९ लाख रुपये आहे. खेड्यांतील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलास तेवढ्या रकमेनें घराचें छप्पर व बहिणीचें शिक्षण दोन्ही साधतां येतें. जुन्या गड्याच्या मानासाठीं अशा मुलाची जागा कां जावी? आमचें उत्तर असें कीं, ती मुळींच जाऊं नये. म्हणूनच आम्हीं मानधनाची सोय न मागतां कामगिरीवर वेतन मागत आहों. मूळ वेतन अल्प ठेविलें म्हणजे नव्या मुलास जागा उरते. बक्षीस कमावलें तरच द्यावयाचें म्हणजे फुकट कोणास कांहीं जात नाहीं. उलट आज एकाच खेळाडूवर निम्मी थैली ओतावी लागते, त्यांत नव्या मुलांचा वांटा अधिक कमी होतो.

अर्थात् नियम कितीहि चांगला असला तरी त्याच्या मागें मनाचा मोठेपणा हवा. संघानें निरोप द्यावयाचा तर तो समोरासमोर व कृतज्ञतेनें द्यावा; आणि खेळाडूनेंहि आपली उतरती कळा ओळखून कमी घेण्यांत कमीपणा मानूं नये. विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शाळेच्या संघांत पैशाची थैली नाहीं, पण जागा मोजक्याच आहेत. म्हणजे मर्यादा येथेंहि आहेच. यंदा संघ निवडतांना शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मंदावलेल्या गड्याचें नांव खोडण्याची पाळी आली, तर कर्णधारानें क्षणभर थांबून स्वतःस एवढेंच विचारावें: याच्या पायांचा वेग मीं मोजला, पण यानें चौघांना पकड शिकविली ती मोजली काय?