अप-डाउन

मुलांनो, रोज गाडीने नोकरीला जाऊन संध्याकाळी परत येणे, याला आपल्या खानदेशात 'अप-डाउन' म्हणतात. मी अमळनेरहून नरडाण्याला अप-डाउन करतो.

पूर्वी हा लोहमार्ग एकेरी होता. समोरून मालगाडी येणार म्हणून पॅसेंजर बेटावदला थांबली, की माझा पहिला तास बुडालाच! २०१८ मध्ये उधना-जळगाव मार्ग दुहेरी झाला, तेव्हा तो त्रास कमी झाला.

डब्यात मात्र मजा असते. पासवाल्यांच्या जागा ठरलेल्या. कोणी कळण्याची भाकरी काढतो, कोणी ठेचा. रमजानमध्ये परतीच्या गाडीत शेजारचे काका माझ्याआधी घड्याळ बघतात आणि खजूर पुढे करतात. अहिराणी मी याच डब्यात शिकलो.

गावकरी म्हणतात, "मास्तरांनी गावातच राहावे." मला ते पटते. शाळा सुटल्यावर कोणी गणित विचारायला आले, की माझी नजर घड्याळाकडे जाते. "उद्या बघू," असे मी म्हणतो. मग गाडीत तेच मनाला टोचत राहते. पण अम्मी आजारी असतात आणि त्यांचे डॉक्टर अमळनेरला आहेत. घर हलवावे कसे?

म्हणून दर सोमवारी मी नेहमीची गाडी सोडतो आणि पुढच्या गाडीने जातो. ज्याचे गणित अडले असेल, त्याने त्या दिवशी थांबावे.