बटणे दोनशे, मालक किती?

पालीत कुणालाही विचारा, "तुमच्या टीव्हीवर किती चॅनेल दिसतात?" उत्तर येईल, "शंभर-दोनशे तरी असतील!" पण ती किती मालकांची, असे विचारले की सगळे गप्प. वाचकहो, केंद्र, वाहिनी आणि जाळे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपण मात्र तिन्हींना 'चॅनेल' म्हणून मोकळे होतो.

केंद्र म्हणजे जागा. कार्यक्रम जिथे तयार होतात आणि जिथून ते सोडले जातात, ते ठिकाण. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७३ साली सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुणेकरांना मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. मनोरा पुण्याजवळ, पण केंद्र मुंबईचेच! या मनोऱ्यांच्या लहरी जवळजवळ सरळ जातात, डोंगर आड आला की अडतात. सरसगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ही गोष्ट समजायला वेळ लागणार नाही.

वाहिनी म्हणजे कार्यक्रमांची सलग मालिका. एका केंद्रातून अनेक वाहिन्या निघू शकतात. मुंबईला १९८५ साली दूरदर्शनची दुसरी वाहिनी मिळाली. पुढे उपग्रहामुळे वाहिनीला गावाची हद्दच उरली नाही. १९९४ साली दूरदर्शनची मराठी वाहिनी आली. २००० सालापासून ती 'सह्याद्री' या नावाने ओळखली जाते.

आणि जाळे म्हणजे एका मालकाच्या हाताखालच्या अनेक वाहिन्या. दूरदर्शन हे सार्वजनिक जाळे, १९९७ पासून प्रसार भारतीच्या कारभाराखाली. खासगी जाळ्यांची गंमत निराळी. बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका २०१९ साली स्टार प्रवाहवर सुरू झाली, तेव्हा कलर्स मराठी ही तिची प्रतिस्पर्धी वाहिनी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघींच्या मालक कंपन्यांचा कारभार एकत्र आला. बटणे दोन राहिली, घर एक झाले!

हे कळून आपल्याला काय मिळणार? पहिली गोष्ट पैशाची. २०१९ साली लागू झालेल्या नियमांनी प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत वेगळी ठरली आणि हवी तेवढीच वाहिनी घेण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. तरी आपण पॅकच घेतो. पॅक जाळे बांधते. एका आवडत्या वाहिनीबरोबर न पाहिलेल्या चार वाहिन्या आपल्या गळ्यात पडतात. दुसरी गोष्ट तक्रारीची. एखाद्या कार्यक्रमात कुणाची बदनामी झाली, तर केबलवाल्याशी भांडून उपयोग नाही. २०२१ च्या नियमांनुसार तक्रार आधी वाहिनीकडे लेखी करायची. तिने पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. पाच बटणांवर एकच बातमी दिसली म्हणून तिला पाच साक्षीदार मिळाले, असे समजू नये. पाचही एकाच घरचे असू शकतात. घरातल्या मुलांना कागद-पेन्सिल द्या, रोज पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्या लिहायला सांगा आणि प्रत्येकीपुढे मालकाचे नाव शोधून लिहायला लावा. त्या यादीतून घरातल्या टीव्हीवर खरोखर किती जण बोलतात, ते समजेल.