फासे कॉम्प्युटरने टाकावेत, निकाल माणसाने द्यावा

दर रविवारी हॉबी क्लबच्या वेळात कॉम्प्युटर लॅबच्या मागच्या बाकावर आम्ही पाच जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. आधी डॉर्ममध्ये खेळायचो. हाऊसमास्टर सरांनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांना जुगार चालला आहे असेच वाटले. त्यांचा दोष नाही. फासे म्हटले की आपल्याकडे सगळ्यांना शकुनीमामाच आठवतो.

पालकांसाठी थोडक्यात सांगतो. या खेळात एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. भिंतीवर चढायचे किंवा राक्षसाशी लढायचे, तर जमले की नाही ते बहुधा वीस बाजूंच्या फाशावर ठरते. आमच्यात डंजन मास्टर मी.

आमच्याकडे असा फासा एकच होता. तो एके दिवशी ट्रंकांच्या मागे गेला आणि परत मिळाला नाही. म्हणून मी पायथॉनमध्ये फासे टाकणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. जगभर या खेळाचे चाहते अशी साधने स्वतः लिहितात आणि फुकट वाटतात, हे मला नंतर कळले. दोन रविवार सगळे खूश होते. मग माझा मल्याळी मित्र म्हणाला, “तुझ्या फाशावर 20 कधी येतच नाही.” आम्ही शंभराच्या वर फेका केल्या होत्या. खऱ्या फाशावर शंभर फेकांत एकदाही 20 न येण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. चूक माझीच होती. रँडरेंज या आज्ञेला 1 आणि 20 दिले की ती 19 वरच थांबते, शेवटचा आकडा धरत नाही. दोन रविवार मी मित्रांना 19 बाजूंच्या फाशाने खेळवत होतो!

ते दुरुस्त केले आणि मग मला चेव आला. कोणाची पाळी आधी, कोणाला किती जखमा, तलवारीने किती नुकसान, सगळे प्रोग्रॅममध्ये घातले. राक्षसांची माहिती मित्राच्या पुस्तकातून शब्दन्‌शब्द टाइप केली. हे मात्र चुकले. खेळाच्या प्रकाशकांनी जानेवारी 2023 मध्ये, परवान्यावरून खेळाडूंनी मोठा गदारोळ केल्यावर, मूळ नियमांचा ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट 5.1’ हा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. श्रेय दिले की तो कोणीही वापरू शकतो. पण पुस्तकातले सगळेच त्यात नाही. अनेक डोळ्यांचा बिहोल्डर हा माझा आवडता राक्षस, त्याची माहिती त्यात नाही. मी ती फाईल ज्युनिअर मुलांना वाटणार होतो. परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर उतरवला तर आपण त्याला कॉपी म्हणतो, मग इथे वेगळे नाव कशाला? बिहोल्डर काढून टाकला.

खरी अडचण पुढे आली. जिन्यावरून गॉब्लिन चढून येत होते आणि चोराचे पात्र करणारा माझा मित्र म्हणाला, “मी कंदिलातले तेल पायऱ्यांवर ओततो.” मी स्क्रीनकडे पाहिले. तलवार होती, धनुष्य होते, मंत्र होते, तेल नव्हते. मी म्हणालो, “यादीत नाही.” तो काही बोलला नाही. त्याने वही मिटली आणि उरलेला वेळ शेजारच्या मुलांचे बुद्धिबळ बघत बसला. त्या दिवशीची सगळ्यात हुशार चाल माझ्या प्रोग्रॅमने, म्हणजे मीच, फेटाळली होती.

हा वाद नवा नाही, आणि तो आपल्याच क्षेत्रातला आहे. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या राइसवित्झ नावाच्या तोफखान्याच्या लेफ्टनंटने ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळाचे नियम छापले. नकाशा, फासे आणि हानीचे तक्ते घेऊन अधिकारी लढाईचा सराव करत. पुढे नियम इतके वाढले की खेळ संथ झाला. 1876 मध्ये व्हर्डी दु व्हर्न्वा या अधिकाऱ्याने सुचवले की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला निर्णय घेऊ द्या. आमचा खेळही युद्धखेळांच्याच घराण्यातला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन दोघेही तसले खेळ खेळत, त्यातून 1974 मध्ये हा निघाला.

म्हणून माझे मत असे की आपण लिहिलेल्या साधनाने बेरीज-वजाबाकी करावी, फासे टाकावेत, पाळी लक्षात ठेवावी. पायऱ्यांवरच्या तेलाने काय होईल ते समोर बसलेल्या माणसाने ठरवावे.

मित्राला हे पटत नाही. तो म्हणतो, “कॉम्प्युटर निदान पक्षपात तरी करत नाही. तू करतोस.” हे खरे आहे. माझ्या जवळच्या मित्राचे पात्र मरायला आले की माझा हात ढिला पडतो. त्यावर आम्ही एक नियम केला: फासा टाकण्याआधी मी मोठ्याने सांगायचे की किती आकडा आला तर जमेल आणि का. एकदा बोललो की बदलायचे नाही. तेलासाठी मी म्हणालो असतो, “गॉब्लिनला 12 किंवा जास्त हवेत, कारण जिना दगडी आहे आणि तो धावतो आहे.” यावर वाद घालता येतो. यादीशी वाद घालता येत नाही.

मी प्रोग्रॅमचा निम्म्याहून जास्त भाग पुसला. तीन आठवडे प्रेप संपल्यावर बसून लिहिलेला होता, वाईट वाटले. आता त्यात फासे, पाळी, जखमांचा हिशेब आणि एक रिकामी चौकट आहे. चौकटीत डंजन मास्टरने आकडा आणि कारण लिहायचे. चोर परत खेळायला आला आहे.

सातवीच्या मुलांनी हा प्रोग्रॅम मागितला आहे. त्यांना राक्षसाच्या जखमा मोजायला बटण हवे, ते करून देणार. तेलासाठीही बटण हवे म्हणतात. ते देणार नाही.