क्षमा कोणाला आणि सूळ कोणाला?

सॉक्रेटिसला विषाचा पेला देणारे ग्रीक क्रूर आणि आपले प्राचीन राजे मात्र क्षमाशील, अशी तुलना आपल्याकडे सहज केली जाते. वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. त्यामुळे हा अभिमान इथे अधिकच जवळचा वाटतो. त्याच्या पुष्ट्यर्थ चिनी भिक्षू फाहियानची साक्ष काढली जाते. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेल्या फाहियानने लिहून ठेवले आहे की, इथला राजा देहान्त शिक्षा देत नाही, अपराध्याकडून केवळ द्रव्यदंड घेतो. पण हे वर्णन मध्यदेशाचे, म्हणजे गुप्तांच्या राज्याचे आहे. फाहियान विदर्भात आलाच नव्हता. शिवाय पुन्हा पुन्हा बंड करणाऱ्याचा उजवा हात तोडतात, हेही त्याच वर्णनात आहे. चांडाळाने गावाबाहेर राहावे आणि नगरात शिरताना लाकूड वाजवून आपण येत असल्याची सूचना द्यावी, हेही तिथेच आहे. साक्षीदार मानायचा तर त्याची सगळी साक्ष ऐकली पाहिजे.

विदर्भाचा स्वतःचा पुरावा ताम्रपटांत आहे. वाशीमला १९३९ मध्ये दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला आणि वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासाला ठाऊक झाली. दंडाच्या प्रश्नावर मात्र अधिक बोलका आहे तो अचलपूरजवळच्या चम्मकचा, दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट. त्यात एक हजार ब्राह्मणांना गाव दिले आहे, आणि तेही अटींवर. त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार करू नये, राजाचे अहित करू नये, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. हे मोडले तर राजाने जमीन काढून घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. राजद्रोहासारख्या अपराधालाही इथे नोंदलेले फळ एवढेच, जमीन गेली. उलट या दानाला कोणी किंचितही बाधा आणली आणि ब्राह्मणांनी तक्रार केली, तर त्याला दंडासह शासन करू, असे राजा बजावतो. क्षमा आणि धाक दोन्ही एकाच पत्र्यावर कोरलेले आहेत. फक्त माणसे वेगळी आहेत. मनुस्मृतीतही हेच गणित आहे. इतरांना जिथे प्राणदंड, तिथे ब्राह्मणाचे मुंडन. आणि द्विजाला कठोर बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटायची.

यावर इतिहासाचा जाणकार म्हणेल की ताम्रपट हे दानपत्र आहे, दंडसंहिता नव्हे. शिवाय चम्मकचा पट नंदिवर्धन शाखेचा, वत्सगुल्माचा नव्हे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मग दानपत्रात सुळाचा उल्लेख नाही म्हणून सूळच नव्हता, हा निष्कर्षही टिकत नाही. स्मृतिग्रंथांचा आधार सांगणारी ही दोन भावंड घराणी दंडाच्या बाबतीत परस्परांपासून फार दूर असतील, असे मानायलाही कारण दिसत नाही.

आता अथेन्स. सॉक्रेटिसचे विष (इ. स. पू. ३९९) ही तिथली सौम्य शिक्षा होती. घरच्यांना आणि मित्रांना भेटून, शांतपणे मरण्याची ती सवलत होती. चोर-दरोडेखोरांना फळीला जखडून मरेपर्यंत उघड्यावर ठेवत. अथेन्सजवळ फॅलेरॉनला १९१५ मध्ये सतरा सांगाडे सापडले, त्यांच्या मानेभोवती आणि हातापायांत लोखंडी कड्या होत्या. गुलामाची साक्ष तर त्याचे हाल करून घेतली तरच न्यायालयात ग्राह्य. म्हणजे क्रौर्य ग्रीकांचे आणि करुणा आपली, अशी वाटणी होत नाही. दोन्हीकडे अपराधाइतकेच अपराध्याचे स्थान पाहून दंड ठरे. आपण ज्या सौम्यपणाचे कौतुक करतो, तो वरच्यांना मिळालेला सौम्यपणा आहे.

तो काळच तसा होता, आजच्या मापाने त्यांना मोजू नये, हा शेवटचा आक्षेप. मला तो पूर्वजांचा अपमान वाटतो, कारण त्यांच्यातही विरोध करणारे होते. इ. स. पू. ४२७ मध्ये मिटिलीनी शहराच्या सगळ्या पुरुषांना मारण्याचा ठराव अथेन्सच्या सभेने केला. दुसऱ्या दिवशी डिओडोटसने उठून सांगितले की मृत्युदंडाची भीती माणसाला गुन्ह्यापासून अडवत नाही, आणि थोड्याच मताधिक्याने तो ठराव फिरला. आपल्याकडे महाभारताच्या शांतिपर्वात सत्यवान आपल्या वडिलांशी, द्युमत्सेनाशी, वाद घालतो: चोराला मारले की त्याची बायको, आई, बाप, मुले हे निरपराधही मारले जातात, मग तो धर्म कसा? वत्सगुल्माच्या काळाचा अभिमान धरायचा तर या प्रश्नाचा धरावा आणि वाशीमच्या शाळांतून तो ताम्रपटांबरोबर शिकवावा. द्युमत्सेनाचे उत्तरही मुलांना सांगावे: पूर्वी नुसत्या धिक्काराने भागत असे, पुढे कठोर शब्द लागले, मग द्रव्यदंड आला, आणि आता वधावाचून चालत नाही. क्षमाशील सुवर्णयुग त्याच्याही लेखी मागेच कुठेतरी होऊन गेले होते.